इंग्रजीत ‘इंग’ कुठे लावायचं आणि कुठे नाही? (सातपूरहून एक प्रश्न)

सातपूरकर

नमस्कार मंडळी. धागा काढण्यास कारण की, आमच्या कारखान्यात (नाशिकची सातपूर एमआयडीसी, नाव नको) आता शिफ्टचा रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. परदेशातलं गिऱ्हाईक तो थेट वाचतं. माझी शाळा मराठी माध्यमाची, पुढे आयटीआय. इंग्रजी वाचायला अडचण नाही. लिहिताना मात्र एकाच ठिकाणी पेन थांबतं.

समजा, मशीन आवाज करतंय असं कळवायचंय. ‘द मशीन इज मेकिंग नॉइज’ लिहू की ‘द मशीन मेक्स नॉइज’? बारा काळांचा तक्ता शाळेत घोकलेला आहे, आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पण आपलं वाक्य त्यातल्या कुठल्या खणात टाकायचं, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. आमच्या शिफ्टमधला एक जण म्हणतो, सगळीकडे ‘इंग’ लाव, वजन पडतं. दुसरा म्हणतो, कुठेच लावू नको, म्हणजे चुकणार नाहीस.

कुणी सरळ मराठीत सांगेल का? व्हिडिओच्या लिंका कृपया नकोत.

मिसळ_रस्सा_वेगळा

वाचतोय. पाव घेऊन बसलोय.

गुरुजी_जेलरोड

सातपूरकर, दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. फरक अर्थाचा आहे, आणि तुमच्या गिऱ्हाइकासाठी तो मोठा आहे.

‘इज मेकिंग नॉइज’ वाचलं की समोरच्याला कळतं, हे आत्ता चालू आहे, नेहमीचं नाही, काहीतरी बिघडलंय. तो विचारणार, दुरुस्त कधी करताय? ‘मेक्स नॉइज’ वाचलं की त्याला वाटतं, या मशीनचा स्वभावच असा आहे, बटण दाबलं की आवाज येतो. तो पुढच्या ओळीवर जाणार.

तक्ता पाठ असूनही अडतं, कारण त्यात ‘इंग’ आणि वेळ यांची मोट बांधलेली असते. ती सोडा. वेळ सांगायचं काम ‘ॲम-इज-आर’, ‘वॉज-वेअर’ आणि ‘विल बी’ यांचं. ‘इंग’ एवढंच सांगतं की काम सुरू झालंय, संपलेलं नाही, आणि आपण त्याच्या मधोमध उभे राहून बोलतोय. आजच्या मधोमध उभे असाल तर ‘आय ॲम रायटिंग’, काल संध्याकाळच्या मधोमध असाल तर ‘आय वॉज रायटिंग’, उद्याच्या असाल तर ‘आय विल बी रायटिंग’. तक्त्यातल्या बारापैकी सहा खणांत ‘इंग’ असतं, त्यातले तीन इथेच उरकले. उरलेल्या तीनपैकी एकच रोजच्या कामाचा, त्याच्याकडे नंतर येऊ.

अनघा_इंदिरानगर

गुरुजी, मग हे आपल्या ‘करतो’ आणि ‘करतोय’सारखंच झालं की. मुलाच्या क्लासमध्ये हेच शिकवतात, मराठीत ‘तोय, तेय, तंय’ आलं की डोळे मिटून ‘इंग’ लावा. एवढं सोपं असेल तर हा धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

गुरुजी_जेलरोड

अनघाताई, डोळे उघडे ठेवूनच लावा. ‘पाऊस पडतोय’, ‘आई भाकरी थापतेय’, ‘पोरं मैदानात खेळतायत’ इथपर्यंत ती युक्ती बिनघोर चालते. पण आता ही वाक्यं बघा: मला कळतंय. मला दिसतंय. मला वाटतंय. मला आठवतंय. मराठीत कानाला एकही खटकत नाही. इंग्रजीत मात्र ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग’, ‘आय ॲम रिमेंबरिंग’ असं करून बघा, सगळीच आपटतात.

कारण इंग्रजी क्रियापदांमध्ये दोन जाती मानते. काही क्रियापदं कामाची, म्हणजे धावणे, लिहिणे, कापणे. त्यांना सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. काही नुसत्या अवस्थेची: माहीत असणे, हवं असणे, आवडणे, पटणे, मालकीचं असणे, अवलंबून असणे. अवस्थेला मध्य कुठला? ती एक तर आहे, नाही तर नाही. म्हणून ‘नो’, ‘वाँट’, ‘लाइक’, ‘बिलीव्ह’, ‘ओन’, ‘नीड’, ‘बिलाँग’, ‘डिपेंड’ यांना सहसा ‘इंग’ लागत नाही. आपली मराठी हा भेद इतका कडक पाळत नाही. ‘कळतंय’, ‘पटतंय’, ‘आवडतंय’ असं आपण बिनदिक्कत म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत घेऊन जातो. वर्गात सर्वांत जास्त लाल शाई माझी इथेच गेली.

कॉलेजरोड_कोडर

अगदी. आमच्या कॉलवर दर पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’. तिथे ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणायचं. ऐकू येणं आणि दिसणं यांना इंग्रजीत बहुतेक वेळा ‘कॅन’ लागतो. ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ हे सगळ्यांच्या तोंडात बसलंय, पण उत्तर ‘येस, आय ॲम सीइंग’. अरे, ‘आय कॅन सी’ म्हण ना बाबा.

‘सीइंग’ला वेगळाच अर्थ आहे, बरं का. ‘शी इज सीइंग समवन’ म्हणजे तिचं कुणाशीतरी जमलंय. आणि ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर ॲट फाइव्ह’ म्हणजे पाचची अपॉइंटमेंट आहे. तेव्हा बॉसच्या स्क्रीनबद्दल बोलताना जरा जपून.

‘हॅव’चं तेच. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ऐकून बाहेरचा माणूस क्षणभर दचकतो, कारण ‘हॅविंग’ तो खाण्यापिण्याला वापरतो: ‘आय ॲम हॅविंग लंच’. भाऊ ‘हॅव’ करायचे, जेवण ‘हॅविंग’ करायचं.

मिसळ_रस्सा_वेगळा

दोन भाऊ, रस्सा वेगळा.

पण माझी हरकत ऐका. मॅकडोनाल्ड्सवाले इतकी वर्षं ‘आय ॲम लव्हिंग इट’ म्हणतायत. गुरुजींनी त्यांना नापास केलं का?

गुरुजी_जेलरोड

मिसळराव, उलट त्यांना मी पैकीच्या पैकी देईन. 2003 सालची ती घोषणा मुद्दाम तशी बेतलेली आहे. ‘आय लव्ह इट’ म्हटलं तर ती कायमची आवड झाली. ‘लव्हिंग’ म्हटलं की घास तोंडात आहे आणि मजा आत्ता येतेय. अवस्थेचं क्रियापद हातात घेऊन त्यांनी त्याची क्रिया केली. नियम ठाऊक असलेल्या माणसाने तो असा वाकवला तर हसू येतं. ठाऊक नसताना वाकला तर लाल शाई.

‘बी’ या क्रियापदाचंही असंच होतं. ‘ही इज डिफिकल्ट’ म्हणजे माणूसच अवघड. ‘ही इज बीइंग डिफिकल्ट’ म्हणजे एरवी बरा आहे, आज मुद्दाम आडमुठेपणा करतोय. ‘थिंक’ तर रोज लागतं. ‘आय थिंक’ हे मत झालं. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे डोक्यात विचार चालू आहे, अजून ठरलेलं नाही. गिऱ्हाइकाने भाव विचारला आणि तुम्ही ‘वी आर थिंकिंग’ लिहिलंत, तर तो थांबून राहील.

अंबड_लिंकरोड

माझं थोडं वेगळं मत. ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ भारतभर चालतं, समोरच्याला कळतं, कामं अडत नाहीत. भाषाशास्त्रवाले याला भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात, चूक म्हणून नाही. साहेबाच्या भाषेचं ओझं आपण किती दिवस वाहायचं? अमेरिकन माणूस ब्रिटिशांसारखं बोलत नाही म्हणून त्याला कुणी लाल शाई लावत नाही.

कॉलेजरोड_कोडर

चहाच्या टपरीवर शंभर टक्के सहमत. पण सातपूरकरांचा वाचक परदेशात आहे. त्याला ‘द क्लायंट इज वाँटिंग’ समजेल हे खरं, पण ‘द मशीन इज गिव्हिंग प्रॉब्लेम’ वाचून तो काय समजेल? आत्ता देतंय, की अधूनमधून देतं? तिथे अर्थच बदलतो. अभिमान नंतर, आधी रिपोर्ट.

अंबड_लिंकरोड

त्या वाक्यापुरतं मान्य. ‘डाउट’ मी सोडणार नाही.

भाषा_भटक्या

(घर पंचवटीत, शिकायला पुण्यात, भाषाशास्त्र.) गुरुजींनी सांगितलेला खड्डा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या बरोब्बर उलटा एक खड्डा आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आत्ता तुमच्या समोर बघा. कुणी खुर्चीत बसलेलं असेल. मराठीत काय म्हणाल? ‘तो बसलाय.’ बसण्याची क्रिया झाली, आता तो त्या स्थितीत आहे. मराठीने इथे पूर्ण रूप वापरलं. तसंच ‘बाळ झोपलंय’, ‘आजोबा आडवे झालेत’, ‘शर्ट दोरीवर लटकलाय’, ‘तिने पैठणी नेसलीय’, ‘त्याने चष्मा घातलाय’. यात ‘तोय’ कुठेही नाही. आणि इंग्रजीत? ‘ही इज सिटिंग’, ‘द बेबी इज स्लीपिंग’, ‘द शर्ट इज हँगिंग’, ‘शी इज वेअरिंग अ पैठणी’. सगळीकडे ‘इंग’.

आपण ‘तो बसतोय’ म्हणतो तेव्हा माणूस अजून खुर्चीला टेकलेला नसतो, गुडघे वाकवून खाली येत असतो. ‘तो चष्मा घालतोय’ म्हणजे काड्या अजून कानांवर बसायच्या आहेत. मराठी ही हालचाल आणि ती पुरी झाल्यावरची स्थिती वेगळी दाखवते. इंग्रजीत ‘इज सिटिंग’ दोन्हीला चालून जातं, बहुतेक वेळा अर्थ स्थितीचाच. नेमकी हालचाल सांगायची असेल तर ‘इज सिटिंग डाउन’, ‘इज पुटिंग ऑन हिज ग्लासेस’ म्हणावं लागतं.

म्हणून ‘तोय दिसलं की इंग’ ही युक्ती दोन्ही टोकांना फसते. ‘कळतंय’ला लागते तिथे लावायची नाही, आणि ‘बसलाय’ला लागत नाही तिथे लावायची.

अनघा_इंदिरानगर

बापरे. मुलाच्या वहीत ‘ही हॅज सॅट ऑन द चेअर’ होतं आणि क्लासच्या बाईंनी बरोबरची खूण केली होती. आता कळलं ते कुठून आलं. वाचनखूण साठवली.

द्राक्षबाग_दिंडोरी

मंडळी, आमचा माल युरोपात जातो, म्हणजे निम्मं वर्ष इंग्रजी मेल लिहिण्यातच जातं. थोडं शेताच्या बांधावरून सांगतो.

नवीन खरेदीदाराला पहिला मेल जातो तेव्हा आमच्याकडचे बरेच जण ‘वी आर एक्स्पोर्टिंग ग्रेप्स’ असं लिहितात. त्यातून वास येतो की सध्या चाललंय, पुढचं माहीत नाही. तुम्हाला दाखवायचं असतं की हा आमचा धंदाच आहे. तिथे ‘वी एक्स्पोर्ट ग्रेप्स’. एक शब्द कमी, पण पाया पक्का वाटतो. याच्या उलट, ऐन हंगामात फोन आला आणि त्याने विचारलं, सध्या काय चाललंय, तर ‘वी आर हार्वेस्टिंग’. तिथे ‘वी हार्वेस्ट’ म्हटलंत तर तो विचारेल, कधी?

व्हिडिओ कॉलवर हा फरक तर लख्ख दिसतो. पॅकहाउसमध्ये टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका उभ्या असतात. घड देठाला धरून उचलायचा, फिरवून बघायचा, लहान, दबलेला किंवा तडकलेला मणी दिसला की बारीक टोकाच्या कात्रीने काढायचा. मण्यावरच्या पांढऱ्या मेणचट थराला बोट लागता कामा नये. मग तो घड 500 ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात. कॅमेरा तिकडे वळवला की खरेदीदार विचारतो, ‘व्हॉट आर दे डूइंग?’ उत्तर: ‘दे आर ट्रिमिंग द बंचेस.’ त्याने ‘व्हॉट डू दे डू?’ विचारलं असतं तर तो प्रश्न त्यांच्या कामधंद्याचा. तेव्हा उत्तर ‘दे वर्क इन द पॅकहाउस’. इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरांनो, ‘व्हॉट डू यू डू?’ला ‘आय ॲम सिटिंग हिअर’ म्हणू नका.

अजून एक. ‘आय ॲम कमिंग फ्रॉम नाशिक’ म्हणजे मी नाशिकहून निघालोय, कसाऱ्याच्या घाटात आहे. गाव सांगायचं तर ‘आय कम फ्रॉम नाशिक’ किंवा सरळ ‘आय ॲम फ्रॉम नाशिक’.

सातपूरकर

दादा, हे एक नंबर. मग मी आता खरा नमुनाच टाकतो. शिफ्टमध्ये आम्ही साधारण असं लिहितो. नावं-नंबर बदललेत:

‘मशीन फोर इज नॉट वर्किंग सिन्स टू अवर्स. ऑपरेटर इज नोइंग द प्रॉब्लेम. व्हेन आय केम, ऑइल वॉज लीकिंग. वी आर चेकिंग द बेअरिंग इन एव्हरी शिफ्ट. स्पेअर पार्ट इज कमिंग टुमॉरो.’

चिरफाड करा.

गुरुजी_जेलरोड

पाचपैकी दोन वाक्यांना हात लावायची गरज नाही, ही चांगली सुरुवात.

‘इज नोइंग’ जाऊन ‘नोज’. कारण वर आलंच आहे.

पहिलं वाक्य जास्त महत्त्वाचं, कारण मघाशी राहिलेला खण तोच. ‘दोन तासांपासून मशीन चालत नाहीये.’ मराठीत नुसतं चालू वर्तमान रूप पुरतं, म्हणून आपण ‘इज नॉट वर्किंग’ लिहून मोकळे होतो. पण ही गोष्ट मागे सुरू झाली आणि आत्तापर्यंत येऊन पोचली आहे. एक पाय मागे, एक पाय आज. इंग्रजीला इथे दोन्ही पाय दिसायला हवेत. म्हणून ‘हॅज बीन’: ‘मशीन फोर हॅजन्ट बीन वर्किंग फॉर टू अवर्स.’ त्याहून सुटसुटीत, ‘मशीन फोर हॅज बीन डाउन फॉर टू अवर्स.’ नोकरीची मुलाखत असो की पासपोर्टचा फॉर्म, ‘आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ हे आपलं ठरलेलं वाक्य. ते ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर टेन इयर्स’ असं हवं.

अनघा_इंदिरानगर

‘सिन्स’चं ‘फॉर’ का केलंत?

गुरुजी_जेलरोड

आपला ‘पासून’ दोन्हीकडे राबतो. ‘2015 पासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत कामाची वाटणी आहे. घड्याळावर किंवा कॅलेंडरवर बोट ठेवता येत असेल तर ‘सिन्स’: सहा वाजल्यापासून, सोमवारपासून, गेल्या सिंहस्थापासून. लांबी मोजत असाल तर ‘फॉर’: दोन तास, दहा वर्षं, बराच वेळ. एक सोपी खूण सांगतो. ‘पासून’ काढून त्या जागी ‘गेली’ किंवा ‘गेले’ बसलं तर ‘फॉर’. ‘गेली दहा वर्षं’ बसतं. ‘गेली सोमवार’ बसत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी

त्यातलीच एक गोष्ट आम्हाला रोज लागते. सकाळपासून पॅकिंग चालू आहे: ‘वी हॅव बीन पॅकिंग सिन्स मॉर्निंग’. पण आकडा आला की ‘इंग’ गळतं: ‘वी हॅव पॅक्ड फोर पॅलेट्स’. ‘हॅव बीन पॅकिंग फोर पॅलेट्स’ वाचून खरेदीदाराला वाटेल, चारही अर्धवट पडलेत. किती वेळ, हे सांगायचं तर ‘बीन पॅकिंग’. किती झालं, हे सांगायचं तर ‘पॅक्ड’.

भाषा_भटक्या

सातपूरकरांचं तिसरं वाक्य मला फार आवडलं. ‘व्हेन आय केम, ऑइल वॉज लीकिंग’. तुम्ही आलात तेव्हा गळती आधीच चालू होती. आता ते ‘व्हेन आय केम, ऑइल लीक्ड’ करून बघा. तुम्ही आलात आणि मग तेल गळलं, जणू तुमचा पायगुणच तसा. चौकशी लागली तर या एका ‘वॉज’वर माणूस सुटतो.

चालू भूतकाळाचा मुख्य उपयोगच हा, मागे पडदा चालू ठेवायचा आणि पुढे एखादी घटना घडवायची. जेवत होतो तेव्हा फोन आला, ‘आय वॉज ईटिंग व्हेन द फोन रँग’. म्हणूनच एक इशारा. ‘लहानपणी आम्ही गंगेवर पोहायला जात होतो’ हे मराठीत सवय म्हणून चालतं. इंग्रजीत ‘वी वेअर गोइंग टू द रिव्हर’ म्हटलं की ऐकणारा थांबतो, बरं, मग वाटेत काय झालं? आणि तुमच्याकडे तर काहीच झालेलं नसतं. ‘जायचो’ म्हणायचं असेल तिथे ‘वी यूज्ड टू गो’.

कॉलेजरोड_कोडर

चौथ्या वाक्यावर माझी हरकत. ‘वी आर चेकिंग इन एव्हरी शिफ्ट’ चूक. रोजचं काम आहे, ‘वी चेक’ हवं.

गुरुजी_जेलरोड

सबूर. सातपूरकर, बेअरिंग तुम्ही एरवीही प्रत्येक शिफ्टला तपासता, की हा बिघाड झाल्यापासून?

सातपूरकर

बिघाड झाल्यापासून. एरवी आठवड्यातून एकदा. पार्ट बसला की पुन्हा आठवड्यावर.

गुरुजी_जेलरोड

मग ‘वी आर चेकिंग’च ठेवा. कोडरसाहेब, ‘रोज’ शब्द दिसला की लगेच साधा काळ, ही क्लासची शिकवण. तात्पुरती सवय असेल तर ‘इंग’ चालतं, शोभतंही. ‘आय ॲम टेकिंग द बस दीज डेज’ म्हणजे गाडी गॅरेजला आहे. गिऱ्हाइकाला तुमच्या या एका ‘इंग’वरून कळेल की ही खास दक्षता आहे. ‘चेक’ लिहिलंत तर ती नेहमीची पद्धत वाटेल आणि श्रेय जाईल. मी फक्त ‘अंटिल द पार्ट इज रिप्लेस्ड’ एवढं पुढे जोडलं असतं.

कॉलेजरोड_कोडर

मान्य, हे डोक्यात आलं नव्हतं. आणि ‘ऑलवेज’चं काय? ‘यू आर ऑलवेज कमिंग लेट’ हे तर कायमचं आहे, तरी ‘इंग’.

अनघा_इंदिरानगर

ते माझ्याकडे घरात चालतं. कायमचं असलं तरी त्यात वैताग आहे. ‘ही ऑलवेज लीव्ह्ज टॉवेल्स ऑन द बेड’ ही माहिती. ‘ही इज ऑलवेज लीव्हिंग टॉवेल्स ऑन द बेड’ हे भांडण. आपण म्हणतो ना, ‘सारखा टॉवेल टाकत असतो मेला’, तसं.

मिसळ_रस्सा_वेगळा

ताईंनी व्याकरणात संसार आणला. आता माझी शंका. मला कुणी बोलावलं की मी आंघोळीतूनच ‘आलोच’ ओरडतो. ते ‘आय हॅव कम’ का?

भाषा_भटक्या

‘आय ॲम कमिंग.’ मराठीने भूतकाळ वापरून भविष्याचं आश्वासन दिलंय, त्याचं शब्दशः काही करू नका. ‘उद्या मुंबईला जातोय’ मात्र सरळ जुळतं, ‘आय ॲम गोइंग टू मुंबई टुमॉरो’. ठरलेल्या बेताला दोन्ही भाषांत चालू रूप. सातपूरकरांचा ‘स्पेअर पार्ट इज कमिंग टुमॉरो’ म्हणूनच बरोबर. वेळापत्रकाला मात्र साधा काळ. मी उद्या ‘लीव्हिंग’, पण पंचवटी एक्स्प्रेस रोज सकाळी ‘लीव्ह्ज’.

अंबड_लिंकरोड

गाडीवरून आठवलं. 2027च्या सिंहस्थासाठी जिकडे-तिकडे खणून ठेवलंय. पुतणीने शाळेच्या निबंधात ‘रोड इज रिपेअरिंग’ लिहिलं. मी म्हटलं, रस्ता स्वतःच स्वतःला दुरुस्त करतोय की काय? तसं झालं तर बरंच होईल.

भाषा_भटक्या

‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’ हवं. करणारा दुसरा असेल तर मध्ये ‘बीइंग’ येतं. सातपूरकर, तुम्हाला हे पदोपदी लागेल: ‘द बेअरिंग इज बीइंग रिप्लेस्ड’.

पण पुतणीला फार ओरडू नका. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्रज स्वतःच घर बांधलं जातंय याला ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘इज बीइंग बिल्ट’ त्यानंतर रुळलं, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या काही व्याकरणवाल्यांनी त्याच्यावर कुरूप, अडाणी अशी झोड उठवली होती. आज तेच शुद्ध आहे आणि पुतणीचं जुनं वळण चूक.

अंबड_लिंकरोड

बघा! म्हणजे माझ्या ‘हॅविंग अ डाउट’लाही शंभर वर्षांनी न्याय मिळेल.

गुरुजी_जेलरोड

तोवर रिपोर्टात ‘आय हॅव अ क्वेश्चन’ लिहा.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. नवा रिपोर्ट असा लिहिलाय: ‘मशीन फोर हॅज बीन डाउन फॉर टू अवर्स. द ऑपरेटर नोज द प्रॉब्लेम. व्हेन आय केम, ऑइल वॉज लीकिंग. वी आर चेकिंग द बेअरिंग एव्हरी शिफ्ट अंटिल द पार्ट इज रिप्लेस्ड. द स्पेअर पार्ट इज कमिंग टुमॉरो.’

शेवटची शंका. पुढच्या महिन्यात गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला येणार आहे. मेलमध्ये ‘विल यू कम ऑन मंडे?’ विचारलं तर साहेब म्हणतात, उद्धट वाटतं. ‘विल यू बी कमिंग’ लिही म्हणतात. खरंच फरक आहे का?

गुरुजी_जेलरोड

साहेब बरोबर आहेत. ‘विल यू कम’मध्ये विनंती किंवा आग्रह डोकावतो, या ना, याल ना. ‘विल यू बी कमिंग’मध्ये तुम्ही फक्त त्याचा ठरलेला बेत विचारताय, दबाव नाही. ‘विल यू बी कमिंग ऑन मंडे ऑर ट्यूजडे?’ असं लिहा. शेवटी ‘वी लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ घाला. तिथल्या ‘मीटिंग’चा चालू काळाशी संबंध नाही, ‘टू’नंतर नाम म्हणून आलंय. त्याला ‘टू मीट’ करू नका.

आणि जेवण शाकाहारी की मांसाहारी, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

मिसळ_रस्सा_वेगळा

मिसळ शाकाहारीच असते, गुरुजी. फक्त तिखट झेपेल का ते विचारा.